पांढऱ्या गाडीचा खरखरीत पत्रा : क्ले बारच्या नोंदी

8 डिसेंबर 2024

गाडी दुसऱ्या हाताची, पाच दाराची, पांढरी. मॉडेल 2015 चं. आधीचा मालक यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीकडचा, कोळशाच्या रेल्वे सायडिंगच्या (माल चढवायच्या रुळांच्या) अंगाला राहणारा. गाडी उघड्यावर उभी असायची. इंजिन, क्लच, टायर ठीक आहेत. या नोंदी फक्त रंगाच्या, आणि क्ले बारच्या : म्हणजे रंगावर बसलेले कण उचलणारी मऊ वडी.

आज शाम्पूने धुतली. दुरून झकास दिसते. ओल्या बोनेटवर तळहात फिरवला तर मात्र बारीक पॉलिश पेपरवरून हात गेल्यासारखा वाटला. मग पिशवीची परीक्षा केली. किराण्याची पातळ प्लास्टिक पिशवी हातात घालायची आणि ओल्या पत्र्यावरून बोटं हलकेच सरकवायची. उघड्या बोटाची कातडी पत्र्याला धरते, त्यामुळे लहान कण कळत नाहीत. पिशवी घसरते, म्हणून एकेक कण बोटाला टोचतो. छत आणि बोनेट सगळ्यात वाईट, डिक्की त्याखालोखाल. दारांचा वरचा भाग बराच गुळगुळीत. दारांच्या खालच्या पट्ट्यात काळे डांबराचे ठिपके. डिक्कीवर आणि मागच्या बंपरवर टाचणीच्या टोकाएवढे तांबूस ठिपके, नखाने निघत नाहीत.

बाबा खाटेवर बसून पाहत होते. "धुतली नं गाडी? मंग आता पिशवी घालून काय चाचपून राह्यला? म्हैस हाये काय ते?"

12 डिसेंबर

गहू-हरभऱ्याच्या पाण्याचे दिवस, व्होल्टेज पडलेलं, त्यामुळे पंपांच्या जळालेल्या मोटारींची माझ्या दुकानात रांग आहे. रिवाइंडिंग (मोटारीची तार नव्याने गुंडाळणं) सोडून गाडीकडे पाहायला वेळ नाही. रात्री थोडं वाचलं आणि पत्र्यावर नेमकं काय काय बसलंय ते कागदावर मांडलं. कारण ज्याला त्याला क्ले घासून चालत नाही, हे आता कळलंय.

कोळशाची भुकटी : दिसायला सगळ्यात काळी, पण सगळ्यात भोळी. बहुतेक धुण्यातच जाते.

लोखंडाचा चुरा : ब्रेकमधून आणि रेल्वेच्या चाक-रुळाच्या घासण्यातून उडतो. कण तापलेले आणि धारदार असतात, रंगात रुततात, मग ओल लागून गंजतात. डिक्कीवरचे तांबूस ठिपके तेच. पांढऱ्या गाडीचा एवढा फायदा, की हे दिसतात. काळ्या गाडीवर असतात तेवढेच, पण लपून राहतात.

चुना आणि सिमेंटची धूळ : राजूरच्या बाजूला चुनाभट्ट्या, पलीकडे चंद्रपूर जिल्ह्यात सिमेंटचे कारखाने. कोरडी असेपर्यंत ही निव्वळ धूळ. वर दव किंवा पाऊस पडला आणि पुन्हा ऊन लागलं, की ती पत्र्यावर जमते. पातळ थर असेल तर क्ले काढतो. घट्ट जमलेला सिमेंटचा थेंब क्लेने रगडायचा नाही, कारण तो सुटला तर खडा होऊन क्लेखाली फिरणार.

डांबर, कडुनिंबाचा चिकटा, पाखरांची विष्ठा : यातलं डांबर आणि चिकटा आधी विरघळवून काढायचे. विष्ठेत युरिक आम्ल असतं, ते रंगाला खातं. वरची घाण निघते, पण खालचा खड्डा राहतो.

बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग : याबद्दल पुढे, कारण आमच्याकडे हे प्रकरण मोठं आहे.

एक गोष्ट पक्की झाली. क्ले बार चमक आणत नाही. पृष्ठभागाच्या वर जे उभं आहे तेवढंच तो उचलतो. ओरखडा, खड्डा, उडालेला रंग, पिवळा पडलेला हेडलाइट यांच्याशी त्याचा संबंध नाही. "क्ले मारला नि गाडी नवी झाली" असं कोणी सांगत असेल तर क्लेनंतर त्याने पॉलिशही केलं असणार.

15 डिसेंबर

क्ले आला. 100 ग्रॅमची निळसर वडी, बारीक प्रतीची. ऑनलाइन मागवली, कारण वणीच्या बाजारात पॉलिश आणि वॅक्स मिळतात, हे नाही. बारीक, मध्यम आणि जाड अशा प्रती असतात. जाड प्रत भराभर काम करते आणि रंगावर पुसट खुणा सोडते, त्या मग मशीनने पॉलिश करून घालवाव्या लागतात. माझ्याकडे पॉलिशिंग मशीन नाही, शिकाऊ हाताने ते चालवायचंही नाही. म्हणून बारीक.

ही माती नव्हे. रबरासारखं ताणणारं कृत्रिम मिश्रण आहे आणि त्यात अतिशय बारीक घासणारे कण मिसळलेले असतात. गाड्या रंगवण्याच्या दुकानांत पत्र्यावर उडालेले रंगाच्या फवाऱ्याचे कण उचलायला हे वापरायचे. जपानमधल्या तादाओ कोदाते यांच्या नावावर याचं पेटंट होतं, 1990 च्या दशकातलं. आपल्याकडे अजूनही बहुतेक सर्व्हिसिंगवाले थेट रबिंग कंपाउंड घेऊन येतात. कंपाउंड म्हणजे सगळा पत्रा थोडा थोडा खरवडणं. कण रुतलेल्या पत्र्यावर कंपाउंड मारलं तर तेच कण सुटून पॅडखाली फिरतात.

रंगाची जाडी कळावी म्हणून माझ्या धंद्यातलं उदाहरण घेतो. कारखान्यातून आलेल्या गाडीचा रंग, प्रायमर आणि वरचा पारदर्शक थर मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यात वरचा क्लिअर कोट सुमारे 40-50 मायक्रॉनचा. वाइंडिंगच्या तांब्याच्या तारेवर जे इनॅमल (वार्निशसारखा लेप) असतं तेही असंच मायक्रॉनांत मोजायचं, आणि ते एका जागी खरवडलं तर मोटार जळते हे मी रोज पाहतो. त्यामुळे "थोडं जोरात घासलं तर काय बिघडतं" असं म्हणायची सोय मला नाही.

22 डिसेंबर

आज फक्त धुणं, पण नीट.

दोन बादल्या. एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत नुसतं पाणी. हातमोजा शाम्पूत बुडवायचा, एक भाग पुसायचा, साध्या पाण्याच्या बादलीत खळबळून घ्यायचा, मगच परत शाम्पूत. वरून खाली. चाकांना वेगळं फडकं. कपड्याची पावडर किंवा भांड्याचा साबण नाही. त्यापूर्वी नळीने भरपूर पाणी मारून सुटी धूळ वाहवून टाकली. आपल्याकडे सगळ्यात जास्त नुकसान सकाळी निघताना कोरडा कपडा मारण्याने होतं. रात्रभर बसलेल्या धुळीवर कोरडं फडकं फिरवलं की रोज नवी जाळी पडते. उन्हात बोनेटकडे तिरपं पाहा, गोल गोल कोळ्याचं जाळं दिसेल.

आता पाणी. आमचं बोअरचं पाणी इतकं जड आहे की साबणाला फेस येत नाही आणि नळाच्या तोंडाला पांढरी खपली धरते. गाडीवर थेंब वाळला की त्यातलं कॅल्शियम तिथंच बसतं. ताजे डाग पातळ केलेल्या व्हिनेगरने निघाले : एक भाग व्हिनेगर, दोन भाग पाणी, फडकं ओलं करून मिनिटभर ठेवायचं आणि लगेच धुवायचं. छतावरचे जुने निघाले नाहीत. उन्हाने ते रंगात उतरलेत. क्लेनेही निघणार नाहीत, पॉलिशलाच ठेवले.

शेवटचं पाणी मारण्यासाठी गावातल्या आरओ केंद्रातून 20 लिटरचा जार आणला. आरओच्या पाण्यात क्षार कमी, थेंब वाळला तरी डाग जवळपास पडत नाही. पुतण्या म्हणाला, "काका, मशीनीच्या मागच्या नळीतून वाया जाते ते पाणी घेऊ नं, फुकट हाये." ते घ्यायचं नाही. गाळून काढलेले सगळे क्षार त्याच वाया जाणाऱ्या पाण्यात असतात, म्हणजे ते बोअरपेक्षाही जड.

29 डिसेंबर

आयर्न रिमूव्हर. पारदर्शक द्रव. सावलीत, थंड पत्र्यावर फवारला. दोन-तीन मिनिटांत डिक्कीवर जांभळे ओघळ सुरू झाले. यात थायोग्लायकोलेट नावाचं रसायन असतं. ते लोखंडाशी जोडलं गेलं की जांभळं होतं आणि पाण्यात विरघळतं. सडक्या अंड्यासारखा भपकारा येतो. आईने आतून विचारलं, "नाली फुटली काय गा?"

हातमोजे घातले होते, तोंडाला रुमाल. वाळू द्यायचा नाही, जांभळं झाल्यावर वाट पाहत बसायचं नाही, भरपूर पाण्याने धुवायचं. मागचा बंपर, डिक्की, चाकांच्या रिम या ठिकाणी खूप जांभळं. बोनेटवर थोडं. छतावर जेमतेम. म्हणजे छतावर जे टोचतंय ते लोखंड नाही, चुना-सिमेंटकडचं असणार.

याची खात्री करायला एक उद्योग केला. वायपरखालच्या खोबणीत वर्षानुवर्षांची धूळ साचलेली होती. ती धुण्याआधीच थोडी काढून कागदावर पसरून ठेवली होती. आज कागदाखालून जुन्या स्पीकरचा चुंबक फिरवला. काही काळे दाणे चुंबकाबरोबर चालू लागले, बाकीची राखाडी भुकटी जागची हलली नाही. पुतण्याला क्लेपेक्षा हेच जास्त आवडलं. कागद शाळेत घेऊन गेला.

5 जानेवारी 2025

डांबर. दारांच्या खाली आणि चाकांमागे. यावर थेट क्ले फिरवला तर डांबर पसरतं आणि वडी काळी होऊन फुकट जाते. चौकातल्या गॅरेजवाल्या भाऊंचा सल्ला पेट्रोलचा होता. मी रंगाच्या दुकानातलं टर्पेंटाइन घेतलं, आधी दार उघडून आतल्या कडेवर लावून पाहिलं, रंग उतरत नाही हे बघितलं. फडक्यावर घेऊन ठिपक्यावर अर्धा मिनिट दाबून धरायचं, मग उचलायचं. रगडायचं नाही. काम झाल्यावर तो भाग शाम्पूने पुन्हा धुतला, कारण तेलकटपणा राहिला तर क्ले बिघडतो.

कडुनिंबाखालच्या चिकट ठिपक्यांना कोरोनाच्या काळातलं उरलेलं सॅनिटायझर चाललं. त्यातलं अल्कोहोल चिकटा मऊ करतं. पातळ, पाण्यासारखं सॅनिटायझर घ्यावं, जेलवालं नको.

12 जानेवारी

आज क्ले.

वडीचे तुकडे केले. एक कामाला, एक गाडीच्या खालच्या भागासाठी, बाकीचे राखीव. वडी जमिनीवर पडली की संपली. तिला चिकटलेला मातीचा एक कण दिसो न दिसो, पुढच्या फेरीत तो रंगावर रेघ ओढतो. अख्खी वडी हातात घेऊन काम केलं तर एका निसटण्यात सगळीच जाते. म्हणून तुकडे.

सकाळी नऊला सुरुवात. हवा गार होती आणि क्ले दगड झालेला. वाटीत कोमट पाणी घेऊन त्यात तुकडा टाकला, दोन मिनिटांत मऊ. कढत पाणी नको, मग तो बोटांना आणि पत्र्यालाही चिकटतो. मळून तीन बोटांखाली मावेल अशी चपटी टिकली केली. उन्हाळ्यात याच्या उलट अडचण येईल. इथल्या 45 अंशांच्या दुपारी उन्हातल्या पत्र्यावर हात ठेववत नाही, तिथे क्ले पसरून चिकटेल. हे काम हिवाळ्यातल्या सकाळचं.

घसरण म्हणून आरओच्या पाण्यात थोडा गाडीचा शाम्पू, स्प्रे बाटलीत. क्लेसोबत मिळणारा स्प्रेही चालतो, तो महाग पडतो. बोअरच्या पाण्यात करून पाहिलं तर शाम्पू फाटल्यासारखा झाला आणि हात ओढू लागला. पाणी बदललं.

डिक्कीचा उजवा कोपरा घेतला, साधारण दोन फूट बाय दोन फूट. पत्रा भिजवला, क्लेही भिजवला. बोटांचा भार एवढाच की टिकली पत्र्यावर राहावी. सरळ रेषेत, आधी आडवं, मग उभं. गोल फिरवायचं नाही. खूण उरलीच तर सरळ रेघ कमी दिसते, गोल रेघ प्रत्येक उन्हात चमकते.

पहिल्या दोन-चार हातांत खसखस असा आवाज आला आणि क्ले अडखळत होता. ते अडखळणं बोटांना स्पष्ट कळतं. मग आवाज कमी झाला, टिकली घसरायला लागली, आणि एकदम शांत झाली. तिथे थांबायचं. गुळगुळीत झालेल्या जागेवर पुढे घासत राहणं म्हणजे उगाच घासणं. पाणी कमी पडलं तर टिकली धरते आणि पत्र्यावर क्लेचा पुसट पट्टा राहतो. त्यावर पुन्हा स्प्रे मारून हलकेच पुसला की जातो.

टिकली उलटून पाहिली. निळ्यावर राखाडी-तपकिरी डाग आणि मधेच काळे टोचे. दुमडून, मळून आतली स्वच्छ बाजू वर आणली. दर कोपऱ्यानंतर हे करायचंच. पुसण्याला मायक्रोफायबर, तोही घासून नाही; पाणी टिपून घ्यायचं.

पिशवीची परीक्षा : क्ले फिरवलेल्या चौकटीत बोट सरकतं तसं नुसतं सरकतं. चौकटीच्या रेषेबाहेर बोट गेलं की लगेच खरखर. बाबांना बोलावून त्यांच्याही हातात पिशवी दिली. त्यांनी इकडून तिकडे दोनदा हात फिरवला, काही बोलले नाहीत, पिशवी हातातच ठेवून पूर्ण डिक्की चाचपली आणि म्हणाले, "इकडचं राह्यलं."

14 जानेवारी

संक्रांत. गाडी तिळगुळाच्या फेऱ्यांना. काम नाही.

19 जानेवारी

बोनेट आणि छत. दोन्ही मिळून सकाळ गेली. बोनेट दोन फुटी चौकोनांत वाटून घेतलं, कडा टेपने आखल्या नाहीत, डोळ्यांनीच. छतासाठी खाली बाजेवर उभा राहिलो. पोट पत्र्याला टेकलं तर ओरखडा नको म्हणून बटणांचा शर्ट आणि पट्टा काढून ठेवला. क्ले जपून वापरायचा आणि पट्ट्याच्या बकलने दारावर रेघ पाडायची, असं व्हायला नको.

छतावर क्लेला खरं काम होतं. तिथे आयर्न रिमूव्हरने जेमतेम काही निघालं होतं, आणि क्लेवर पांढुरका थर आला. तुकडा लवकर भरला. मळून मळून सगळीकडून राखाडी झाला तेव्हा बाजूला ठेवला. रंगासाठी आता निरुपयोगी, पण रिमच्या आतल्या बाजूला चालेल.

छताचा शेवटचा कोपरा पुतण्याला दिला, कारण तो रोज मागत होता. हात बरा आहे त्याचा, भार देत नाही. पण टिकली निसटून अंगणात पडली. त्याने पटकन उचलून पाण्यात बुडवली आणि माझ्याकडे पाहिलं. "धुतली नं काका." अंगण शेणाने सारवलेलं, त्यात वाळू असतेच. टिकली फोडून दाखवली : बाहेरून साफ, आत एक कण. तुकडा गेला, पण राखीव होता म्हणून काम थांबलं नाही.

दारं उरली.

26 जानेवारी

झेंडावंदन करून आलो आणि दारांना लागलो. वरचा अर्धा भाग हलका होता, लवकर उरकला. खालच्या पट्ट्याला वेगळा तुकडा, आणि तो पुन्हा वर न्यायचा नाही.

डाव्या बाजूच्या दोन्ही दारांवर लांब बारीक रेघा आहेत. या पांदण रस्त्याच्या. दोन्हीकडून बाभळीचे काटे आणि पऱ्हाटी घासते. नखाला न अडकणाऱ्या रेघा पॉलिशने पुसट होतील, अडकणाऱ्या राहतील. क्ले फिरवून त्यात काहीही फरक पडला नाही आणि पडणार नव्हता.

पुढच्या बंपरवर मात्र निराळी गोष्ट निघाली. क्लेवर पांढरा रंग आला. घाण नव्हे, दुधाळ रंग. काळ्या बनियनच्या तुकड्यावर थोडं पॉलिश घेऊन बंपर पुसला, तर काळ्यावर पांढरं उतरलं. दारावर तसंच केलं, काही उतरलं नाही. म्हणजे बंपर कधीतरी स्थानिक पातळीवर रंगवलेला आहे आणि त्यावर क्लिअर कोट नाही. तिथे क्ले थांबवला. पांढऱ्या गाडीला ही परीक्षा काळ्या कापडावरच करावी, पांढऱ्या फडक्यावर कळत नाही. गाडी विकत घेताना करता आली तर आणखी चांगलं. पुढून ठोकलेली होती का, याचा अंदाज बनियन देतं.

काळ्या खरबरीत प्लास्टिकच्या पट्ट्यांना क्ले लावायचा नाही; त्याच्या खाचांत निळे कण अडकून बसतात. मॅट रंगालाही नाही. ताज्या रंगवलेल्या पत्र्यालाही नाही, तो आधी महिनाभर नीट वाळू द्यावा.

2 फेब्रुवारी

काच. पुढच्या काचेवर क्ले फिरवला आणि याचा एवढा फरक पडेल असं वाटलं नव्हतं. काचेला रंगासारखी ओरखड्याची भीती कमी. पण तुकडा वेगळा घेतला. वायपरची किरकिर गेली. रात्री समोरून कोळशाचा ट्रक आला की काचेवर जो दुधी पडदा यायचा तोही कमी झाला. कोणाला गाडीचं बाकी काही करायचं नसेल तर निदान पुढची काच तरी करावी.

शेजारी तुरीचं थ्रेशर चालू झालं. कुटार हवेत. गाडी मागच्या कोठ्यात नेऊन लावली, बैल बाहेर आणि गाडी आत, यावर आईचं मत इथे लिहीत नाही.

9 फेब्रुवारी

क्लेने जुनं वॅक्सही निघून जातं, म्हणजे पत्रा आता उघडा आहे. काम इथे सोडलं तर बोअरचं पाणी आणि चुना पुन्हा थेट रंगावर बसणार.

आधी हातानेच बारीक पॉलिश, फक्त बोनेट आणि छतावर. फोमचं छोटं पॅड, वाटाण्याएवढं पॉलिश, एका वेळी फूटभर जागा. पाण्याचे जुने डाग निम्म्याहून जास्त पुसट झाले, दोन ठिकाणी खड्डे आहेत ते तसेच. ते घालवायच्या मागे लागलो तर क्लिअर कोट पातळ होईल, आणि उन्हात क्लिअर कोटच रंगाला सांभाळतो. विटक्या छताच्या गाड्या सगळीकडे दिसतात, त्यांचा वरचा थरच गेलेला असतो.

मग थर द्यायचा. कार्नौबा वॅक्स की सिंथेटिक सीलंट (रंगावर संरक्षक थर धरणारं कृत्रिम मिश्रण), यावर बराच विचार केला. कार्नौबा ब्राझीलमधल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरचं मेण, वितळायला 80 अंशांच्या वर उष्णता लागते. बाटलीतल्या वॅक्समध्ये ते तेलं आणि द्रावकांत मिसळलेलं असतं, आणि आमच्याकडचं मे महिन्याचं ऊन त्याला फार दिवस टिकू देत नाही. सीलंट जास्त टिकतं. चमक कार्नौबाची मऊ, पण पांढऱ्या गाडीवर हा फरक ओळखणारा मला अजून भेटलेला नाही. सीलंट घेतलं. पातळ थर, वाळू दिला, पुसला. जाड लावून जास्त संरक्षण मिळत नाही, फक्त पुसताना घाम निघतो.

बंपरला क्लेही नाही, पॉलिशही नाही. धुऊन थेट सीलंट.

23 फेब्रुवारी

शेजारचे भाऊ त्यांची जीप घेऊन आले. "आमच्या गाडीलेही थे माती लावून दे नं."

गाडी पाहिली. चिखलाचे थर, खालच्या पट्ट्यात गंजाचे फोड, मागचं दार नुकतंच रंगवलेलं, आणि बोनेटवर जिथे तिथे क्लिअर कोट सुटून पापुद्रे आलेले. पापुद्र्याच्या कडेला क्ले अडकला की तो पापुद्रा घेऊनच वर येतो. त्यांना सांगितलं, याला क्ले नाही लागत. आधी गंजाचं बघा, बोनेट रंगवून घ्या, रोज कोरडा कपडा मारणं बंद करा आणि पुढची काच मी करून देतो. भाऊंना पटलं नाही. "तुय्या गाडीले लावते नं मंग आमच्या गाडीले काहून नाही?" त्यांना पिशवी घालून दाराचा वरचा भाग चाचपायला लावला. तिथे खरखर नव्हतीच. आपलं बरंचसं हुकलं असं त्यांना अजून वाटतं, पण काच करून घेतली आणि दुसऱ्या दिवशी वांगी पाठवली.

16 मार्च

परवा होळीचा रंग उडाला होता गाडीवर, साध्या पाण्याने धुतला आणि निघाला. सीलंट बसलं असावं.

आज पुन्हा पिशवी. दारं गुळगुळीत. बोनेट गुळगुळीत. डिक्कीवर, एक्झॉस्टच्या वर, थोडे नवे टोचे. जांभळं करून पाहिलं तर ब्रेकचंच लोखंड. त्यासाठी पुन्हा क्ले काढत नाही. प्रत्येक वेळी क्ले रंगाला अगदी थोडं का होईना घासतोच. एवढं आयर्न रिमूव्हरवर भागतं. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर पिशवी सांगेल त्याप्रमाणे.

उरलेला क्ले प्लास्टिकच्या झाकणाच्या डबीत, त्यात दोन फवारे शाम्पूचं पाणी म्हणजे वाळून भेगाळणार नाही. डबीवर पेनाने "रंग" आणि "काच" असं वेगवेगळं लिहिलंय. दुकानात वार्निशच्या डब्यांशेजारी ठेवली नाही. द्रावक लागला की क्ले विरघळून चिकट होतो. आत घरात, धान्याच्या कोठीवर ठेवली आहे.

बाकी : मागच्या डाव्या रिमचा आतला भाग, आणि छतावरच्या त्या दोन खड्ड्यांचं काय करायचं ते.